ओढ्यावरचं चाक

निजामाच्या राज्यात आमच्या वाडीवर विजेचा दिवा कुणी बघितला नव्हता. मी बैलगाडीचं चाक काढून ओढ्याच्या धारेखाली बसवलं, त्याला पत्र्याचे डबे ठोकले आणि पट्ट्यानं मोडक्या मोटारीचा डायनमो जोडला. घरात वेचलेला कापूस पडून होता. कारभारीण म्हणाली, “आज दिवा न्हाई लागला, तर उद्या चाक गाडीला लावा. कापूस टेंभुर्णीला न्यायचाय.” दिवेलागणीला धाकट्या भावानं धारेआडची फळी उचलून चाकावर पाणी सोडलं. देवळीतला बल्ब आधी तांबूस झाला, मंग पिवळा, आणि आढ्यावरची जळमटंसुद्धा दिसाया लागली. तिनं हात जोडले. तेवढ्यात दारातून वारं आलं, तशी धावून तिनं सवयीनं दिव्याला पदराचा आडोसा केला. पदर फडफडला, उजेड मात्र हालला न्हाई. पदर सारून ती बघतच राह्यली. मंग हळूच म्हणाली, “चाक तिथंच ऱ्हाऊ द्या. कापूस डोईवर नेऊ.”