हळदीचा लेप

एकाच राजगादीसाठी दोन चुलतभाऊ भांडत होते, म्हणून आम्ही सख्खे भाऊ नदीच्या दोन काठांवर होतो. सकाळी घोड्यांना पाणी दाखवायच्या वेळी मात्र दोन्हीकडचं कुणी बंदूक उचलत नसे.

त्या दिवशी धाकट्यानं पलीकडून ओळखीची शीळ घातली आणि माझी घोडी गुडघाभर पाण्यातून सरळ त्याच्याकडे गेली. परतली तेव्हा खोगिरानं सोललेल्या तिच्या पाठीवर तेल-हळदीचा लेप होता.

"दादा, उद्या तिच्यावर खोगीर चढवू नकोस!" तो ओरडला. "पाठ चिघळेल."

उद्या लढाई होती.

"तुझ्या घोड्याचीही पाठ बघ रे!" मी ओरडलो.

त्याचा घोडा ठणठणीत होता. तरी त्यानं खाली बसून पुन्हा हळद कालवायला घेतली.