जाकिटाचं अस्तर

फोतिनी आजीने बाह्या वर सारल्या आणि मातीतून पहिलं हाड उचललं.

"पिवळंधमक निघालं गं लिरी! बाप सुखात आहे तुझा."

लिरीला हुंदका आवरला नाही. तिची मुलगी देस्पिना वाइनची बाटली आणि घमेलं घेऊन शेजारी उभी होती. सीमेलगतच्या त्या ग्रीक गावची दफनभूमी एवढीशी. तीन वर्षं झाली की माणसाला बाहेर काढायचं, हाडं वाइनने धुऊन पेटीत ठेवायची, जागा दुसऱ्याला द्यायची. सीमेपलीकडून आलेल्या अल्बेनियन म्हाताऱ्यांना हा रिवाज नको वाटे. मरताना त्यांना आपल्या गावची माती हवी असे. लिरीच्या बापाचं, पेत्राक आजोबांचं, उलटं होतं.

"मला इथंच पुरा. तीन वर्षांनी माझी लिरी मला पुन्हा हातात घेईल. तिकडं असं कुठं?"

माणूसच जगावेगळा. एकोणीसशे एकाहत्तरच्या हिवाळ्यात सहा महिन्यांच्या लिरीला कोटाच्या आत बांधून तो बर्फातून डोंगर उतरला. दार उघडलं ते फोतिनीनेच. त्याचा एक पाय अनवाणी होता, कारण त्या पायातला लोकरी मोजा पोरीच्या डोक्यावर होता. उजवा हात रक्ताळलेल्या फडक्यात गुंडाळलेला. त्याने खुणेनं आधी दूध मागितलं, मग पाणी.

"पहिलं बोट कुठं टाकून आलास रे?" फोतिनी पुढे चिडवायची.

"वरच राहिलं," तो म्हणायचा आणि पुन्हा दगड रचायला लागायचा. नऊ बोटांनी त्याने अर्ध्या गावाच्या भिंती उभ्या केल्या.

त्याच बोटांनी तो लिरीच्या वेण्या घालायचा. ती जेवल्याशिवाय घास घेत नसे. तिला न्यूमोनिया झाला तेव्हा अकरा दिवस तो इस्पितळाच्या पायरीवरून हलला नाही. फोतिनीने तीन स्थळं आणली, तिन्ही त्याने परत पाठवली. असा बाप आपण दुसरा पाहिला नाही, असं गावातल्या बायका आपल्या नवऱ्यांना ऐकवून ऐकवून सांगत.

लहानपणी देस्पिना शेगडीजवळ बसून तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मागायची.

"सीमेवरच्या मनोऱ्यावर एकच पहारेकरी होता," आजोबा सांगत. "खाली दोन सावल्या हलल्या. त्याने गोळ्या झाडल्या. तुझी आजी तिथंच गेली."

"तुम्ही त्याला शिव्या का देत नाही?"

"पोरगाच होता गं तो." मग ते लाकूड आणायला उठत.

एवढ्या प्रेमळ माणसाने एक गोष्ट मात्र कधी दिली नाही. लिरीच्या आईचं नाव. लिरीने लहानपणी विचारलं, लग्नात विचारलं, देस्पिना झाली तेव्हा रडून विचारलं. प्रत्येक वेळी एकच उत्तर, "वेळ आली की कळेल." शेवटच्या दिवशीही तिने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं होतं. ते एवढंच म्हणाले, "जुनं जाकीट घाल मला. अस्तर उसवू नकोस." आणि गेले. बाप गेला याच्याइतकंच, आईचं नाव त्याच्यासोबत गेलं याचं दुःख लिरीला तीन वर्षं खात होतं.

आता जाकिटाच्या चिंध्या झाल्या होत्या. फोतिनीने त्या बाजूला केल्या आणि खट्कन काहीतरी वाजलं.

"तंबाखूची डबी! म्हाताऱ्याने वरही ओढायचं ठरवलेलं दिसतंय."

डबीच्या कडा मेणाने बंद केल्या होत्या. लिरीने नखांनी मेण खरवडलं. आत मेणकापडात ओळखपत्रं होती. पहिल्यावर एक तरुण बाई. तेच कपाळ, तीच हनुवटी. देस्पिनाला वाटलं, आईचाच तरुणपणचा फोटो.

"द्रिता," लिरीने वाचलं. "देस्पिना, द्रिता नाव होतं तिचं! माझ्या आईचं!" ती हसत होती, रडत होती, हाडांना हात जोडत होती. "दिलंस रे बाबा, शेवटी दिलंस!"

दुसऱ्या ओळखपत्रावर एक उंच, कुरळ्या केसांचा माणूस होता. आडनाव द्रिताचंच.

"हा कोण?"

फोतिनीने हातातलं हाड हळूच घमेल्यात ठेवलं.

तळाशी एक फोटो उरला होता. टेहळणीच्या मनोऱ्यावर गणवेशातला पेत्राक उभा होता, विशीतला, हसरा. हातात बंदूक होती. उजव्या हाताची पाचही बोटं शाबूत होती, आणि पहिलं बोट चापावर होतं.