डावी पाकळी

"बा देवा म्हाराजा, चेडवाक खंय धाडूचा तां आता तूच सांग," असं गाऱ्हाणं घालत गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी आधी पडली तर मेलबर्न, डावी पडली तर नॉर्वे.

मेलबर्नच्या विद्यापीठापासून मामाचं घर दहा मिनिटांवर होतं. नॉर्वेत ओळखीचं कुणी नव्हतं, पण मृणालला शिकायचं होतं ते माशांच्या रोगांचं शास्त्र तिथेच होतं. दोन्हीकडे प्रवेश मिळाला होता आणि आज संध्याकाळपर्यंत एकीकडे होकार कळवायचा होता. "माझं नको ऐकूस, देवाचं ऐक," असं बाबा म्हणाले तेव्हा ती लगेच कबूल झाली. बाबांशी वाद घालून घरात कुणी जिंकत नसे. देवाकडे निदान दोन पाकळ्या होत्या.

बराच वेळ काहीच हललं नाही. मग डावी पाकळी सुटली आणि समईपाशी पडली. मृणालचा हात फोनकडे गेला.

"वाऱ्यान पडली ती," बाबा गुरवाला म्हणाले. "परत लावा."

"बाबा, गाभाऱ्यात वारा कुठाय?"

"दोनदा विचारलं म्हणून देव रागावत नाही."

गुरवाने मृणालकडे पाहिलं आणि मान खाली घातली. डावी पाकळी त्याने अंगठ्याने दाबून दाबून बसवली. उजवी नुसती टेकवली.

"हात जोड," बाबा म्हणाले.

मृणालने हात जोडले.