दुसऱ्याचा आवाज

"अप्पा, बाईंना घ्यायला मी जाऊ, का तुमी जाताय?" आतिफ रिक्षावाल्यानं दारातूनच विचारलं. "शुक्रवार पेठेत सोडलंय. पीरसाब मास्तरांच्या घरी."

सिद्रामप्पा खुर्चीतून उठले. त्यांची बायको महेश्वरी रोज दुपारी गुडघ्याला शेक घ्यायला जात होती. तो दवाखाना शुक्रवार पेठेत नव्हे, सात रस्त्याला होता.

"मी जातो," ते म्हणाले. आवाज नीट फुटला नाही. घसा कित्येक महिने बसलेलाच होता. आत सूज आहे, छोटं ऑपरेशन करून टाकू, असं डॉक्टर म्हणाले होते. औषधं कशी द्यायची ते त्यांनी महेश्वरीला वेगळं समजावून सांगितलं होतं.

पीरसाब मास्तर. मराठी शाळेतून निवृत्त झालेले. तरुणपणी हौशी नाटकांत राजाची कामं करायचे. एकदा त्यांचं काम बघून येताना महेश्वरी म्हणाली होती, "मास्तरांचा शब्द कसा स्वच्छ पडतो की." ती ते केव्हाच विसरली असेल. सिद्रामप्पा विसरले नव्हते.

आवाज हीच त्यांची कमाई होती. महेश्वरी अक्कलकोटकडच्या खेड्यातून नाटक कंपनीत आली, तेव्हा पोरसवदाच होती. पहिल्या तालमीला तिनं नाटकाची प्रत उलटी धरली. सिद्रामप्पा तिथे प्रॉम्प्टर होते. त्यांनी गुपचूप प्रत तिच्या हातातून घेतली आणि विंगेत बसून तिला वाचून दाखवली. एकदा ऐकलेलं ती विसरत नसे.

लग्नानंतरही तोच क्रम राहिला. राण्या, विधवा, वेड्या आया, सगळ्या आधी सिद्रामप्पांच्या तोंडून निघाल्या आणि मग तिच्या. कुठे थांबायचं, कुठला शब्द गिळायचा, तेसुद्धा त्यांचंच. सोलापुरात तिच्या प्रयोगाला खुर्च्या कमी पडू लागल्या. पुण्या-मुंबईचे लोक मुलाखतीला आले. "मी ऐकून भूमिका उभी करते," ती सांगायची, आणि लिहिणाऱ्यांना ती मोठी साधना वाटायची. तिला अक्षर ओळखता येत नाही, हे फक्त सिद्रामप्पांना ठाऊक होतं.

मध्ये एकदा तिनं विचारलं होतं, "मला शिकवा की वाचायला." "कशाला? मी हाय की," ते म्हणाले होते. विषय तिथेच संपला.

यंदा पुण्याहून नवं नाटक आलं. तिनं ते कपाटावर टाकलं. "वाचू का?" सिद्रामप्पांनी दोनदा विचारलं. "ऱ्हाऊ द्या. घशाला तरास होतोय तुमच्या." त्याच आठवड्यात गुडघ्याचा शेक सुरू झाला होता.

शुक्रवार पेठेत मास्तरांचं घर शोधावं लागलं नाही. बोळात शिरताच तो आवाज ऐकू आला. मास्तर एकेक शब्द सुटा करून म्हणत होते. मागोमाग महेश्वरी म्हणत होती. एका ठिकाणी ती अडली, पुन्हा म्हणाली आणि हसली. वाक्य बसलं की ती अशीच हसायची. हे हसू आजवर सिद्रामप्पांशिवाय कुणी ऐकलं नव्हतं.

ते खिडकीखाली उन्हात उभे राहिले. आत काही भलतं दिसलं असतं तर चार शिव्या देता आल्या असत्या. याला काय म्हणायचं, तेच त्यांना कळेना.

मास्तरांच्या बायकोनं, जुलेखानं, दार उघडलं. "या अप्पा. बाई आतच हायत."

महेश्वरी सतरंजीवर बसली होती. मांडीवर पाटी होती, बोटं खडूनं पांढरी झाली होती. मास्तर उठले. "बसा अप्पा, चहा सांगतो," म्हणून आत निघून गेले.

"नवं नाटक त्याच्याकडनं बसवून घेतीस व्हय?" सिद्रामप्पा म्हणाले.

"न्हाई." तिनं पदर सारखा केला. "वाचायला शिकतीय."

सिद्रामप्पा तिच्यासमोर बसले. दुसऱ्याचा आवाज एक वेळ सोसला असता. हिला आता कुणाचाच आवाज नको होता.

"मला सांगायचं तरी."

"सांगणार होते."

"माझा कंटाळा आला तुला?"

ती बोटांवरचा खडू पुसू लागली.

"लोक तुला डोक्यावर घेतात ते कुणाच्या जिवावर?" आवाज चिरकला, तरी ते थांबले नाहीत. "बोल की. कुणाच्या?"

"तुमच्याच."

"मग आता या वयात मास्तर लागला? आता कुणी विचारलं तर सांगशील, मी माझं माझं वाचते. ह्यो म्हातारा हिशेबातच न्हाई."

त्यांनी तिच्या मांडीवरची पाटी ओढून घेतली. अक्षरं वाकडीतिकडी होती, ओळ खाली घसरत गेली होती. मास्तरांनी वर लिहिलेलं, तिनं खाली गिरवलेलं. पाणी दे. उशी वर कर. भूक नाही. दिवा घालव.

सिद्रामप्पांना हसू आलं, पण ते हसू बरं नव्हतं.

"एवढं शिकायला इथपर्यंत येतीस? असली वाक्यं कुठल्या नाटकात हायत?"

महेश्वरीनं पाटी त्यांच्या हातातून हळूच काढून घेतली.

"डॉक्टर तुमाला सूज म्हणाले, मला खरं सांगितलं," ती म्हणाली. "ऑपरेशननंतर तुमचा आवाज ऱ्हाणार न्हाई. मग तुमी लिहून मागाल, ते मी कुणाकडनं वाचून घेऊ?"