चुन्याचा सांगाडा
लातुरात आधी बघितलेल्या खोल्या लुंबिनीनं पूर्ण नाव सांगेपर्यंतच रिकाम्या होत्या. म्हणून आज चहाचा कप हातात आल्यापासून ती बोलतच सुटली होती.
"मी कॉलेजात समुद्रातले स्पंज शिकवते, काकू. काहींचा सांगाडा चुन्याच्या तीनटोकी काट्यांचा असतो, काहींचा काचेसारखा. त्यावरून त्यांचे गट पाडतात."
"वरून वळखू येतेत का?" घरमालकीण शिवकन्याकाकूंनी विचारलं.
"न्हाई. आम्लाचा थेंब टाकावा लागतो. चुन्याचा सांगाडा असला की फसफसतो अन् विरघळून जातो."
"बया! एका थेंबात?" काकू हसल्या. किल्ली तिच्या हातावर ठेवता ठेवता थांबल्या. "खोली तुमचीच समजा, मॅडम. अन् हाव, तुमचं पूर्ण नाव काय?"