धोट्याला कुंकू

डबीवरचा हिरवा दिवा लागला नाही.

श्वेताने डबीची शेपटी लॅपटॉपमधून उपसली, फुंकर मारली, पुन्हा खुपसली. दिवा नाहीच. डबी म्हणजे काड्यापेटीएवढा अडॅप्टर. ऑफिसच्या त्या पातळ लॅपटॉपला एकच भोक. इंटरनेटची केबल, चार्जर, मोठा स्क्रीन, सगळं आधी डबीत जायचं आणि तिथून आत. दहिसरच्या त्या तळमजल्यावरच्या घरात मोबाइलची रेंज जेमतेम दारापर्यंत येई, आणि वायफायने चार दिवसांपूर्वीच मान टाकली होती. डबी नाही तर मीटिंग नाही. मीटिंग अकराला होती, सिंगापूरच्या लोकांना दसऱ्याची सुट्टी नसते. नोकरीला लागून सहा महिने झाले होते. श्वेताची नोकरी पक्की होणार की नाही, ते त्यांच्या एका शब्दावर होतं.

घड्याळात अकराला वीस कमी. ऑफिसातला हर्षद दुसरी डबी द्यायला तयार होता, पण तो राहायला लांब, मुलुंडला. नाक्यावरचं मोबाइलचं दुकान पूजा आटपून बाराला उघडणार. स्वयंपाकघरातून श्वेताची आई रुक्मिणी पुऱ्या तळायला घेऊ का म्हणून विचारत होती.

श्वेताचा बाप दशरथ दारात उभा होता, हातात पूजेचं तबक. ते खाली ठेवायचंही त्याला सुचत नव्हतं. श्वेताने सकाळीच बजावलं होतं, लॅपटॉपला फूल वाहा, हळदकुंकू लावू नका. ते त्याने पाळलं होतं. पण डबीबद्दल कुणी काही बोललं नव्हतं, आणि दशरथ पडला गिरणीच्या साचेखात्यातला माणूस. तिथे दसऱ्याला साच्याइतकाच मान धोट्याला. साचा म्हणजे माग, तो जागचा हलत नाही. सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा. सगळ्या वायरी जिच्यात शिरतात ती डबी म्हणजे धोटाच, एवढं त्याला कळत होतं. त्याने डबीला हळद लावली, कुंकू लावलं, वर चिमूटभर अक्षता टाकल्या. श्वेता अंघोळीहून यायच्या आत फडक्याने पुसूनही घेतलं. करायला गेला गणपती, झाला मारुती.

खरं सांगायचं तर ही पूजा तो हौसेने करत नव्हता, भीतीने करत होता. एका दसऱ्याला गिरणीच्या गेटला कुलूप होतं, साच्यावर फूल पडलं नाही. गेटवर पाटी होती, सोमवारपासून काम सुरू. तो सोमवार काही आला नाही. तेव्हापासून घराला पोसणारी एकही वस्तू, शिलाई मशीन असो की विळी, दसऱ्याला त्याच्या हातून सुटत नसे.

अकराला पंधरा कमी. श्वेता रडत नव्हती. ती नुसती शेपटी काढत होती आणि घालत होती. दशरथच्या पाचावर धारण बसली होती. सांगावं तरी पंचाईत, न सांगावं तर पोरीचं नुकसान.

"चेडवा," तो शेवटी लेकीला म्हणाला, "मी तेका कुंकू लावलंय. अक्षता पन."

श्वेताने वर पाहिलं. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने डबी खिडकीशी नेली आणि शेपटीचं टोक उजेडात धरलं. टोकाच्या बारीक फटीत अक्षतांमधला कणीएवढा लाल दाणा अडकून बसला होता. तिने नखाने काढायला पाहिलं, तो आणखी आत गेला. रुक्मिणी सुई घेऊन आली. सुई नको, आतल्या पट्ट्या ओरबाडल्या जातील, असं म्हणत श्वेताने डबी मागे घेतली.

दशरथने तबकातली विझलेली उदबत्ती उचलली, काडीचं टोक दाताने चावून चपटं केलं. डबी मागून घेतली. त्याने मनगट टेबलावर टेकवलं आणि श्वास धरला. साच्यावर तुटलेला धागा फणीच्या दातांतून ओढायचा, तसा त्याने दाणा हळूहळू बाहेर ओढला.

दिवा लागला. अकराला चार कमी होते. श्वेताने दार लोटून घेतलं.

दशरथ दाराबाहेर स्टुलावर बसून राहिला. तेलाच्या आवाजाने काही बिघडेल म्हणून त्याने पुऱ्याही थांबवल्या. आतून श्वेताचं इंग्रजी ऐकू येत होतं. त्यातलं त्याला फक्त थँक यू कळलं, तेही तासाभराने.

ती घामाघूम होऊन बाहेर आली.

"बरं झालं, बाबा. पण पक्कं काय ते सोमवारी कळवणार म्हणाले."

दशरथ स्टुलावरून उठला आणि परत खाली बसला. गिरणीच्या त्या सोमवारची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. शब्द तोंडातून गेल्यावर श्वेताच्याही ते लक्षात आलं. ती आत गेली, डबी सोडवून घेऊन आली आणि त्याच्यापुढे धरली. शेपटीचं तोंड तिने मुठीत घट्ट झाकलं होतं.

"लावा कुंकू," ती म्हणाली. "फक्त वरच्या वर लावा."