दाढेचा रजेचा अर्ज

सुपरवायझर चौगुले फोन हातात धरून वैजयंताच्या शिलाई मशीनपाशी आले. "बाई, तुमच्या पोरीच्या दाढेचा अर्ज आलाय. तुम्हाला आज भरपगारी रजा द्या म्हणतीय."

वैजयंता लाजून चूर झाली. शाळेत सगळ्या मुलांच्या दाढेत मोहरीएवढं यंत्र बसवलं होतं. कीड लागली की ते स्वतःच दवाखान्याची वेळ घ्यायचं आणि आईची रजाही मागायचं.

"दुधाची दाढ आहे, साहेब. पडायचीच आहे, राहू द्या," ती म्हणाली. आठ दिवस ईश्वरी एकाच बाजूनं जेवत होती, हे ती बोलली नाही. खाडा पडेल या भीतीनं तिनं पोरीला लवंगेवर थोपवलं होतं.

"राहू द्या काय? मी दोनदा नाही म्हटलं, तर आता दाढ थेट मालकांना फोन लावतीय! जावा एकदाच्या!"

मशीनवरच्या सगळ्या बायका खो-खो हसल्या.

दवाखान्यात ईश्वरीची दाढ भरून झाली. मग डॉक्टरीणबाई वैजयंताकडे वळल्या. "तुमचा गाल का सुजलाय?"

"काही नाही, वर्षभर असाच आहे. कामावर जायचंय."

"रजा दिवसभराची आहे. बसा."

पळायला वाट उरली नाही. वैजयंता खुर्चीत बसली आणि तिनं डोळे गच्च मिटले.

"आई, घाबरू नको," ईश्वरी मोठ्या माणसासारखी म्हणाली, "दुखलं की नुसता हात वर कर."

डॉक्टरीणबाई अजून हातमोजे घालत होत्या, तेवढ्यात वैजयंतानं दोन्ही हात वर केले.